प्लेराइट सोडून थेट सीडीपीवर जावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पायथनमधला एक प्रोग्रॅम बऱ्याच पुरवठादारांच्या पोर्टलवर लॉगिन करतो, बिलं उतरवून घेतो, माल कुठवर आलाय ते टिपतो. काम प्लेराइटवर, म्हणजे प्रोग्रॅममधून ब्राउझर चालवणाऱ्या लायब्ररीवर, चालतं आणि ब्राउझर म्हणून फक्त क्रोमियम, म्हणजे क्रोमचा मुक्तस्रोत पाया, लागतो. प्रोग्रॅम पुण्यातल्या ऑफिसात, ब्राउझर मात्र अमेरिकेतल्या भाड्याच्या सर्व्हरवर. टॅब वाढले की सगळं रेंगाळतं, आणि मधूनच कसलाही एरर न देता काम ठप्प होतं. टीममधल्या एकाचं म्हणणं की मधला थर काढून टाका, क्रोमशी थेट सीडीपीत, म्हणजे क्रोम डेव्हटूल्स प्रोटोकॉलमध्ये बोला; दसपट वेग मिळेल.

यात दुखणी दोन आहेत, रेंगाळणं आणि अडकणं, आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. तुमच्या वर्णनावरून तरी दोन्हींचा दोष प्लेराइटकडे जात नाही. थेट सीडीपीच योग्य ठरतं अशी कामं जरूर आहेत, मी काही कामं तशीच करते. ती कुठली ते पुढे सांगते. आधी तुमच्या दुखण्याकडे बघू.

सीडीपी ही काही गुप्त विद्या नाही. क्रोममध्ये एफ-12 दाबल्यावर जी खिडकी उघडते, ती ब्राउझरशी याच भाषेत बोलते. वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, जेसन या मजकुरी मांडणीतला एक संदेश जातो: क्रमांक, पद्धतीचं नाव, पॅरामीटर. तोच क्रमांक लावून उत्तर येतं. शिवाय क्रमांक नसलेले संदेश येत राहतात, ते इव्हेंट: पान लोड झालं, रिक्वेस्ट निघाली, टॅब मेला. 2017 मध्ये क्रोमच्या टीमने काढलेली पपेटियर ही तशीच लायब्ररी क्रोमशी याच प्रोटोकॉलवर बोलायची, आणि त्याच मंडळींपैकी काहींनी मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन 2020 मध्ये आणलेला प्लेराइटही क्रोमियमशी हेच बोलतो. म्हणजे क्रोमला पोचणारे संदेश त्याच जातीचे. फरक पडतो तो किती संदेश जातात, कुठून जातात आणि प्रत्येकाच्या उत्तरासाठी तुम्ही थांबता का, यात.

आता पुणे ते अमेरिका ही एक फेरी धरा 200 ते 250 मिलिसेकंदांची. प्लेराइटचं पायथन पॅकेज स्वतः ब्राउझरशी बोलत नाही. ते आपल्यासोबत नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड डॉट जेएसची) एक प्रोसेस उठवतं, तिच्याशी पाइपवरून बोलतं, आणि ती नोड प्रोसेस क्रोमशी बोलते. ही पाइपची उडी सहसा नगण्य असते. खर्च आहे तो पुढच्या उडीत. साध्या एका क्लिकमागे घटक शोधणं, तो दिसतोय का बघणं, स्क्रोल करणं, त्या जागी दुसरं काही आडवं आलंय का तपासणं, माउस हलवणं, दाबणं, सोडणं इतकं घडतं. त्यातल्या चार-सहा फेऱ्या जरी समुद्रापार गेल्या तरी एका क्लिकला सेकंदभर लागतो. हेच तुम्ही हाताने सीडीपीत लिहिलंत आणि प्रत्येक ओळीवर उत्तराची वाट पाहिलीत, तर तेवढाच वेळ लागेल. तपासण्या गाळल्यात तर वेग वाढेल खरा, पण मग चुकीच्या जागी क्लिक पडायला लागतील.

म्हणून पहिला उपाय भूगोलाचा. प्रोग्रॅम ब्राउझरशेजारी न्या किंवा ब्राउझर मुंबईच्या डेटासेंटरमध्ये आणा. पोर्टल इथली असतील तर दुसरा पर्याय दुप्पट फायद्याचा. हे जमत नसेल तर निदान नोडची प्रोसेस तरी ब्राउझरजवळ ठेवा. प्लेराइटमध्ये दूरच्या ब्राउझरला जोडण्याचे दोन मार्ग आहेत. ‘कनेक्ट’ वापरलं तर पलीकडे प्लेराइटचाच सर्व्हर चालतो आणि क्रोमशी होणारी बारीक बोलणी तिथल्या तिथे उरकतात. ‘कनेक्ट ओव्हर सीडीपी’ वापरलं तर ती सगळी बोलणी तुमच्या पुण्याच्या तारेवरून होतात. पहिल्यात दोन्हीकडे प्लेराइटची आवृत्ती जुळती ठेवावी लागते, एवढीच अट. भाड्याने ब्राउझर देणारे बहुतेकदा दुसऱ्या प्रकारचा पत्ता देतात आणि आपण तो तसाच चिकटवतो. तुमच्याकडे कुठला आहे ते आधी बघा.

दुसरा उपाय फेऱ्या कमी करण्याचा. बिलांच्या यादीत दोनशे ओळी असतील आणि तुम्ही लूप फिरवून प्रत्येक रकान्याचा मजकूर वेगळा मागत असाल, तर हजारभर फेऱ्या होतात. तेच पानात एक छोटं जावास्क्रिप्ट फंक्शन पाठवून सगळा तक्ता एका झटक्यात उचलता येतो. त्यासाठी प्लेराइट सोडावं लागत नाही, ‘इव्हॅल्युएट’ पुरतं.

थेट सीडीपीत वेगाचा खरा फायदा एकच, पण तो मोठा आहे. आधीच्या संदेशाचं उत्तर यायच्या आधी पुढचा संदेश पाठवता येतो. एकमेकांवर अवलंबून नसलेले दहा आदेश एकदम सोडायचे आणि दहा उत्तरं क्रमांकांवरून जुळवायची. अंतर मोठं असलं की याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. टीममधल्या त्या माणसाने कुठे दसपट वेग पाहिला असेलच, तर तो बहुधा अशाच कामात.

आता अडकण्याकडे. एरर न देता थांबणं म्हणजे कोणीतरी अशा इव्हेंटची वाट बघतंय जो येणारच नाही. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यांवर, आहे. प्लेराइटचं पायथन एपीआय थ्रेड-सेफ नाही, म्हणजे अनेक थ्रेडनी ते एकत्र वापरून चालत नाही. टॅब वाढले म्हणून तुम्ही थ्रेड वाढवले असतील आणि सगळे मिळून एकच प्लेराइट वापरत असतील, तर अडकणं ठरलेलंच. एक तर असिंक एपीआय (एका कामाची वाट बघताना बाकीची न अडवणारं) वापरा, नाहीतर प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र प्लेराइट द्या. सिंक एपीआयमध्ये ‘टाइम डॉट स्लीप’ टाकण्याची सवयही मोडा. त्या झोपेत आलेले इव्हेंट हाताळायला कोणीच जागं नसतं.

त्यापुढचे संशयित: डायलॉगसाठी हँडलर लावला पण त्यात डायलॉग स्वीकारला किंवा नाकारला नाही, तर पान गोठतं. हँडलर लावलाच नाही तर प्लेराइट स्वतः डायलॉग बंद करतो. रिक्वेस्ट अडवणाऱ्या ‘राउट’मधली एखादी वाट रिक्वेस्ट पुढे न सोडताच संपत असेल, तर ती रिक्वेस्ट लटकते. ‘नेटवर्क आयडल’ची वाट बघत असाल, तर सतत सर्व्हरला विचारत राहणाऱ्या डॅशबोर्डवर ती शांतता कधी येतच नाही. आणि ब्राउझर डॉकरमध्ये, म्हणजे बंदिस्त कंटेनरमध्ये, असेल तर सामायिक मेमरीची जागा आपोआप 64 एमबीच मिळते. टॅब वाढले की ती भरते आणि टॅब कोसळतात. त्यासाठी ‘क्रॅश’ इव्हेंट ऐका आणि कंटेनरला मेमरी वाढवून द्या.

यातलं एकही कारण सीडीपीवर गेल्याने जात नाही. उलट आज यातल्या निम्म्या गोष्टी प्लेराइट सांभाळतो, उद्या त्या सगळ्या तुमच्या गळ्यात येतील. प्लेराइटसारखी लायब्ररी ही पेढीवरच्या मुनीमासारखी असते. त्याला काढून टाकलं की त्याचा पगार वाचतो, पण वह्या आपल्याला लिहाव्या लागतात. त्या वह्यांत काय काय असतं ते जरा तपशिलात सांगते, कारण निर्णय खरं तर इथेच होतो.

पहिली वही फ्रेम आणि टार्गेटची. 2018 मध्ये क्रोम 67 पासून डेस्कटॉपवर साइट आयसोलेशन सरसकट लागू झालं. म्हणजे पानात दुसऱ्या साइटचा आयफ्रेम असेल, पेमेंटचा चौकोन वगैरे, तर तो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. सीडीपीच्या दृष्टीने ते वेगळं टार्गेट, त्याचं सेशन वेगळं. मुख्य पानाच्या सेशनमधून कितीही शोधलंत तरी त्याच्या आतलं बटण सापडणार नाही. त्यासाठी ‘टार्गेट’ विभागातला (सीडीपीच्या पद्धती अशा विभागांत वाटलेल्या असतात) ‘सेट ऑटो अटॅच’ सुरुवातीलाच लावायचा, सपाट, म्हणजे एकाच जोडणीवरून चालणारी, सेशन मागायची आणि नवं टार्गेट जन्मतानाच थांबवून ठेवायला सांगायचं. मग त्यावर आपले विभाग चालू करायचे आणि शेवटी त्याला सोडायचं. तो सोडण्याचा आदेश राहिला की पॉपअप कोरा दिसतो आणि माणूस नेटवर्कला शिव्या घालत बसतो.

दुसरी वही घटकांच्या ओळखीची. ‘नोड आयडी’ (इथे नोड म्हणजे पानातला घटक) हा त्या सेशनपुरता आणि त्या डॉक्युमेंटपुरता असतो. डॉक्युमेंट बदललं की जुने आयडी बाद. ‘बॅकएंड नोड आयडी’ जास्त टिकाऊ असतो, म्हणून साठवायचा तर तो. जावास्क्रिप्टच्या वस्तूंचे हँडल पान बदललं की मरतात. ही मरणं वेळेवर नोंदवली नाहीत तर अर्धा दिवस ‘असा नोड सापडला नाही’ वाचण्यात जातो.

तिसरी वही क्लिकची. प्लेराइट क्लिक करण्याआधी घटक दिसतोय का, चालू आहे का, त्याचा चौकोन लागोपाठच्या दोन ॲनिमेशन फ्रेममध्ये जागेवर स्थिर आहे का आणि तिथला माउस इव्हेंट खरंच त्यालाच मिळेल का, हे तपासतो. सीडीपीत हे काहीच नाही. तिथे फक्त क्ष आणि य देऊन ‘माउस दाबला’, ‘माउस सुटला’ असे इव्हेंट पाठवायचे असतात. त्यात क्लिकची संख्या 1 द्यायची राहिली तर बटण दाबून सुटतं, पण पान त्याला क्लिक मानत नाही. आयफ्रेममध्ये मिळालेले निर्देशांक त्या फ्रेमपुरते असतात, त्यात बाहेरच्या फ्रेमची जागा आपण मिळवायची.

टायपिंगचं एक मराठी उपकथानक आहे, तुमच्या उपयोगाचं नसेलही. देवनागरी मजकूर टाइप करायला सांगितला की प्लेराइट अमेरिकन कीबोर्डवर नसलेल्या अक्षरांसाठी की दाबल्याचे इव्हेंट पाठवत नाही, फक्त ‘इनपुट’ इव्हेंट पाठवतो. बहुतेक फॉर्म त्यावर खूश असतात. पण इंग्रजी की दाबली की स्वतःच मराठी अक्षर उमटवणारी काही पानं असतात. त्यांना की दाबल्याचा इव्हेंटच हवा असतो. तिथे मजकूर सरळ घुसवण्याऐवजी मूळ इंग्रजी कळा क्रमाने पाठवाव्या लागतात, मग तुम्ही प्लेराइटमध्ये असा की सीडीपीत. पीडीएफमध्ये मराठीच्या जागी चौकोन येणं हेही असंच. तो प्रोटोकॉलचा प्रश्न नाही, सर्व्हरवर लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट टाकला की मिटतो.

मग थेट सीडीपी मी कधी घेते? माझ्यापुरती कसोटी अशी: लायब्ररी जे लपवते तेच मला बघायचंय का?

सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे भाषा-मॉडेलने चालवलेले एजंट. प्लेराइटची रचना टेस्ट लिहिणाऱ्यासाठी झाली. त्याला पुढचं पाऊल आधीच माहीत असतं, म्हणून ‘हे बटण येईपर्यंत थांब’ हे त्याला सोयीचं पडतं. मॉडेलला पुढचं पाऊल माहीत नसतं. त्याला आत्ता पानावर काय आहे ते हवं असतं: कुठले घटक दिसतायत, कुठे आहेत, त्यांची नावं काय, त्यांच्यावर काही झाकलंय का. त्यासाठी ‘डॉम स्नॅपशॉट’ (पानाच्या रचनेचं चित्र) आणि ॲक्सेसिबिलिटी ट्री (घटकांची नावं आणि भूमिका) थेट मागवून एकत्र जोडणं हाच सरळ मार्ग. प्लेराइटच्या घटक शोधणाऱ्या लोकेटरला हजार घटकांबद्दल एकेक विचारत बसणं परवडत नाही, आणि तीस सेकंद गप्प थांबून मग ‘सापडलं नाही’ सांगणारी लायब्ररी मॉडेलला नकोच असते. ‘ब्राउझर यूज’ हा पायथनचा मुक्तस्रोत प्रकल्प 2025 मध्ये प्लेराइट सोडून सीडीपीवर गेला, त्यामागे याच जातीची कारणं होती. तुमच्या माणसाने त्यांचंच वाचलं असावं. पण त्यांची गरज आणि तुमची गरज एक नाही. तुम्हाला प्रत्येक पोर्टलवर कुठे क्लिक करायचं ते आधीच ठाऊक आहे.

दुसरं काम मोजमापाचं. ट्रेस, मेमरीचे स्नॅपशॉट, नेटवर्क मुद्दाम मंद करून बघणं. इथे सीडीपीला पर्याय नाही, पण त्यासाठी प्लेराइट सोडायची गरजही नाही. ते पुढे सांगते.

तिसरं, माणूस वापरत असलेल्या क्रोमला जोडून घेणं. इथे नवा नियम लक्षात ठेवा. क्रोम 136 पासून कमांड लाइनवरून मूळ प्रोफाइलवर रिमोट डीबगिंगचा पोर्ट उघडत नाही, तसं उघडायचं तर, वेगळा युजर डेटा फोल्डर द्यावाच लागतो. कुकी चोरणारे प्रोग्रॅम हाच दरवाजा वापरत होते म्हणून गुगलने तो बंद केला. 2025 च्या आधीचे बरेचसे नुस्खे त्यामुळे चालत नाहीत.

आणि चौथं, अगदी छोटं काम. एचटीएमएल द्या, पीडीएफ घ्या, संपलं. त्यात सहा-सात पद्धती लागतात. त्यासाठी मोठी लायब्ररी आणि तिच्यासोबत येणारी नोड प्रोसेस ओढत नेण्यापेक्षा लहानसा क्लायंट बरा.

टेस्टसाठी मात्र मी कधीच खाली उतरत नाही. फायरफॉक्स किंवा सफारीच्या जातीचा ब्राउझर लागत असेल तर प्रश्नच मिटतो, सीडीपी हे क्रोमियमच्या घराण्याचं आहे. फायरफॉक्समध्ये त्याचा थोडा आधार होता, तोही 2024 मध्ये 129 व्या आवृत्तीपासून आपोआप चालू राहीनासा झाला. तिकडचा रस्ता आता वेबड्रायव्हर बायडाय हा आहे. तो डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेत घडतोय, त्यातही इव्हेंट दोन्ही बाजूंनी वाहतात, आणि सगळ्या ब्राउझरना एकच भाषा लावायची असेल तर मी पुढची गुंतवणूक तिथे करेन.

कोणी म्हणेल, थेट सीडीपीवर गेलं की साइटना आपण बॉट आहोत हे कळत नाही. हे कारण असेल तर थांबा. ओळखायच्या खुणा दोन्हीकडे असतात आणि तो खेळ दर महिन्याला बदलतो. तुम्ही तर पुरवठादारांचे ग्राहक आहात, लॉगिन तुमचं आहे. त्यांना एपीआय किंवा रोजची सीएसव्ही फाइल मागा. दोन-तीन जणांनी दिली तरी तेवढी पोर्टल कायमची सुटतात.

तुमच्यासाठी मला मधला मार्ग बरा वाटतो. प्लेराइट ठेवा आणि जिथे अडतं तिथे त्याच पानावर सीडीपी सेशन उघडा, पायथनमध्ये ‘न्यू सीडीपी सेशन’. पपेटियर आणि सेलेनियम 4 या लायब्ररींमध्येही अशी खिडकी आहे. मोजमाप, डाउनलोडचं बारीक नियंत्रण, स्नॅपशॉट हे सगळं त्यातून होतं. एकच पथ्य पाळा: ज्या विभागाचा कारभार प्लेराइट बघतोय त्यात दुसरा हात घालू नका. ‘राउट’ चालू असताना तुमच्या सेशनमधूनही ‘फेच’ विभाग चालू केलात तर एकच रिक्वेस्ट दोन ठिकाणी अडते आणि दोन्हीकडून सोडावी लागते.

एवढं करूनही पूर्ण खाली उतरायचंच ठरलं, तर प्रोटोकॉलच्या पद्धती हाताने टाइप करू नका. क्रोम स्वतःच्या प्रोटोकॉलचं वर्णन जेसनमध्ये देतो, त्यावरून कोडमधल्या व्याख्या आपोआप बनवा. गो ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरत असाल तर सीडीपीसाठी ‘क्रोमडीपी’ आणि ‘रॉड’ आहेत, पायथनमध्येही ‘नोड्रायव्हर’सारखी तयार पॅकेजेस आहेत. स्वतः लिहिलंत तर दोन ठिकाणी फार जपा. सॉकेट तुटला की वाट बघत असलेल्या प्रत्येक क्रमांकाला लगेच एरर द्या, नाहीतर आज ज्याची तक्रार करताय तेच मुकं अडकणं तुम्ही नव्याने बांधाल. आणि संदेश वाचणाऱ्या लूपच्या आत इव्हेंटचा हँडलर चालवून त्यातच दुसऱ्या आदेशाच्या उत्तराची वाट बघू नका. ते उत्तर वाचणारा लूप तोच असतो, आणि तो तुमच्यासाठी थांबलेला असतो. हँडलर वेगळ्या रांगेत टाका.

क्रोमची आवृत्तीही गोठवून ठेवा. प्रोटोकॉलचा ताजा भाग मागच्याशी जुळेल अशी हमी देत नाही, आणि क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते. 2023 पासून ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ मिळतो, तो आपोआप अपडेट होत नाही, तोच वापरा. 132 व्या आवृत्तीत जुना हेडलेस (खिडकी न दाखवता चालणारा) मोड क्रोममधून काढून वेगळ्या बायनरीत टाकला, तेव्हा आवृत्ती न बांधलेल्या अनेकांची धावपळ झाली. प्लेराइट वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण प्रत्येक आवृत्तीसोबत तो आपला तपासलेला ब्राउझर देतो.

सुरुवात मात्र मोजण्यापासून करा. ‘डीबग’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘पीडब्ल्यू:प्रोटोकॉल’ ही किंमत देऊन एकाच पोर्टलचं काम चालवा. प्लेराइट क्रोमशी झालेला प्रत्येक संदेश वेळेसकट छापेल. लॉग प्रचंड होतो, फाइलमध्ये वळवा. दूरच्या सर्व्हरला ‘कनेक्ट’ने जोडत असाल तर हे व्हेरिएबल त्या सर्व्हरवर लावा, कारण क्रोमशी बोलणं तिथे होतं. त्यात पाठवणं आणि उत्तर यांतलं अंतर सगळीकडे सारखंच मोठं दिसलं, तर दोष तारेचा. अंतर लहान पण संदेशच हजारोंनी, तर दोष तुमच्या लूपचा. आणि शेवटचा संदेश गेला, उत्तर आलंच नाही असं दिसलं, तर त्या संदेशाचं नाव आणि त्याआधीचे वीसेक इव्हेंट बघा. लॉगमधून कुकी आणि टोकन पुसून तेवढाच तुकडा इथे टाका, अडकण्याचं कारण बहुधा त्यातच निघेल.

आणि भाड्याच्या त्या सर्व्हरवर डीबगिंगचा पोर्ट, बहुतेकदा 9222, इंटरनेटला उघडा नाही ना हे आजच बघा. त्या पोर्टला पासवर्ड नसतो. जो पोचेल त्याला लॉगिन झालेल्या सगळ्या पुरवठादारांच्या कुकी वाचता येतात. पोर्ट फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनपुरता, ठेवा आणि बाहेरून एसएसएच बोगद्यातून जोडा.